मेलेले साठ डबे पाहिजेत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा फक्त कागदावरचा समज. नऊ-नऊ किलोचे डबे उचलून कंबर अशी धरली आहे, की खरोखर घातला तर उठवायला तुलाच यावं लागेल.) इकडे आम्ही सगळे ठीक. म्हणजे बाबा उत्तम आहेत आणि बाकीचे त्यांच्यापायी जसे असायचे तसे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नका म्हणणारा डॉक्टर तू बदललास, जिने तेच ठेवलेस, असं भाचीकडून कळलं. भावोजींना नमस्कार सांग. रक्तदाब वर्तमानपत्र वाचायच्या आधी मोजायचा असतो, नंतर नाही, हेही जमल्यास सांग. आणि पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण बाबांना दारावरची बेल ऐकू येत नसली तरी त्यांच्याबद्दलचं बोलणं तिसऱ्या खोलीतून ऐकू येतं. मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो तर कुणाचा फोन म्हणून मागोमाग वर येतात. म्हणून हा कागद.

तर सगळं सुरू झालं त्या कायद्यापासून. भावोजींनी तो तुला मोठ्यानं वाचून दाखवला असेलच. ज्यानं वस्तू बनवली, त्यानंच ती मेल्यावर परत गोळा करायची आणि रीतसर मोडीत काढायला द्यायची, असा तो कायदा. टीव्ही, फ्रिज, मोबाइल, मोटारी, सगळ्यांना लागू. मला वाटलं, हे मोठ्या कंपन्यांसाठी असणार, ज्यांच्या दारात कारंजं असतं. आपण कोण? पत्र्याच्या छपराखालची आठ माणसं, फ्रिजशेजारी ठेवायचे स्टॅबिलायझरचे डबे बनवणारी. आपल्या दारात फक्त नळ आहे, तोही गळका. पण एक दिवस कचेरीतून तपासनीस बाई आल्या, चष्मा पुसला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या की तुम्ही उत्पादक आहात. बाबा त्या दिवशी योगायोगानं तिथे होते. ते इतके खूश झाले की बाईंना दुसरा चहा मागवला. (पन्नास वर्षांत आपल्याला कुणी मिस्त्रीच्या वर चढवलं नव्हतं.) मी मात्र बाईंच्या हातातला फॉर्म बघत होतो. अकरा पानी होता.

नियम असा, की दहा वर्षांपूर्वी जेवढं वजन विकलं, त्याच्या दहा टक्के वजन यंदा मेलेल्या अवस्थेत परत आलं पाहिजे. पहिलं वर्ष म्हणून दहाच, पुढे वाढत जाणार. आता दहा वर्षांपूर्वीचं साल नेमकं कोणतं निघावं? वीज दिवसातून सतरा वेळा वरखाली व्हायची आणि लोक आपल्या दारात रांग लावायचे, तेच. सहाशे डबे गेले त्या वर्षी. त्या आनंदात आपण छपराचा पत्रा बदलला होता, आठवतं? तो आनंद आता फिटतो आहे. सहाशेचे दहा टक्के साठ, नऊ किलोच्या हिशोबानं पाचशे चाळीस किलो. ते नुसते गोळा करून भागत नाही. प्रत्येकाला लेबल लावायचं, आपल्या आवारात पंधरा दिवस ठेवायचं, मग तपासनीस बाईंनी मोजायचं आणि त्यांच्यासमोर सरकारमान्य मोडणाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवायचं. वर्षअखेरीपर्यंत वजन भरलं नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी नाही तर विक्री नाही, विक्री नाही तर कुलूप. आठ माणसांपैकी तीन अशी आहेत की त्यांना दुसरीकडे कुणी उभं करणार नाही. मला धरून चार.

मी आपला दारावर फळा लावला : ‘आमचे बंद पडलेले डबे परत द्या.’ बावीस दिवसांत एक बाई आल्या, त्याही दुरुस्ती फुकट आहे का विचारायला. कारण तुला सांगायला नको. बाबांनी जन्मभर ट्रान्सफॉर्मरला तांब्याच्या तारेचे दोन-दोन वेढे जास्त मारले. ‘असू देत, गिऱ्हाइकाच्या घरी उपयोगी पडतील.’ ते पडले उपयोगी. आपले डबे मरतच नाहीत. आणि चुकून एखादा मेलाच तर लोक त्याला घराबाहेर काढत नाहीत, इतका तो जड आणि चौकोनी आणि निमूट असतो. मग मी घरोघर हिंडायला लागलो. कोपऱ्यावरचा शिंपी आपल्या मेलेल्या डब्यावर पाय ठेवून शिलाई मारतो. त्याची उंची त्या डब्याला जुळलेली, तो म्हणाला आधी एवढ्याच उंचीचं दुसरं काहीतरी आणून द्या. मी त्याला माझ्याच घरातला पाट नेऊन दिला. (तुझ्या भावजयीला अजून वाटतंय तो हरवला.) एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला तासभर बसवून डबा कसा बंद पडला ते पहिल्यापासून सांगितलं, माझ्याकडून ‘निष्काळजीपणा’ शब्द वदवून घेतला, आणि मग पावती मागितली. एका म्हातारबांनी डबा काढून दिला, मी तो जिन्यावरून तीन मजले उतरवला, रिक्षात घातला, कारखान्यात आणून बघतो तर दुसऱ्याच कंपनीचा. परत नेऊन दिला. तीन मजले वर. माझ्या कंबरेचं जे झालं ते तिथे झालं.

पण जिद्द सोडली नाही. चार महिन्यांत साठ डबे जमवले, ताई, साठ! मागच्या शेडमध्ये दहा-दहाच्या सहा रांगा, प्रत्येकाला लेबल. मी रोज जाऊन नुसता बघून यायचो. मेलेल्या वस्तू बघून माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता मधेच आपल्या टेम्पोचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. टेम्पोला बावीस वर्षं झाली होती आणि त्याच कायद्याखाली तो बनवणाऱ्या कंपनीला परत करायचा होता. त्यांनी गावाबाहेर मोठं केंद्र काढलं आहे. मी बाबांना म्हटलं चला, तेवढीच हवा लागेल. इथेच चुकलं. आई गेल्यापासून तीन वर्षं ते कारखान्याकडे फारसे फिरकतच नव्हते, खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे, जेवायला बोलावलं तर ‘आलो’ म्हणायचे आणि यायचे नाहीत. मला वाटलं, जरा बाहेर पडतील. तर तिथे सगळं दहा मिनिटांत आटोपलं. काउंटरवरच्या माणसानं नंबर विचारला, कागद छापला, शिक्का मारला, आणि एका यंत्रानं आपला टेम्पो उचलून पलीकडच्या खड्ड्यात दाबला. बाबांनी त्या माणसाला शांतपणे विचारलं, ‘तुम्हीच बनवला होता ना? मग निदान बॉनेट उघडून तरी बघायचं होतं.’ तो म्हणाला, ‘काका, उघडायची पद्धत नाही.’ त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, तीन वर्षांत पहिल्यांदा, चपला घालून कारखान्यात जायला निघाले. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, चला, माणूस मार्गी लागला. माझ्यासारखा गाढव मीच.

पुढचे पंधरा दिवस मी ऑफिसात बसून अकरा पानी फॉर्म भरत होतो आणि बाबा मागे काहीतरी खुडबुड करत होते. मी मुद्दाम डोकावलो नाही, म्हटलं रमलेत तर रमू देत. सोळाव्या दिवशी सकाळी दहाला ट्रक आला, तपासनीस बाई आल्या, मोडणाऱ्या कंपनीचा माणूस वजनकाटा घेऊन आला. मी ऐटीत शेडचं दार उघडलं. आत अकरा डबे. अकरा! आणि कोपऱ्यात विटेखाली नीट दाबून ठेवलेली एकोणपन्नास लेबलं. (चांगलं लेबल बाबा फेकत नाहीत.) एकोणपन्नास डबे त्यांनी दुरुस्त करून ज्याचे त्याला घरपोच केले होते. फोरमन स्कूटरवर दोन-दोन घालून पोचवत होता, आणि हा घरभेदी रोज सकाळी मला नमस्कारही करत होता. बरं, नुसते परत दिले नाहीत. प्रत्येकाला नवी पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली, कारखान्याच्या शिक्क्यासकट.

बाई बिचाऱ्या भल्या आहेत. त्यांनी खरोखर मन लावून फॉर्म दोनदा चाळला, आणि दुरुस्तीसाठी रकाना नाही म्हणाल्या. मोडलेलं वजन लिहायला जागा आहे, जगवलेलं लिहायला नाही. मोडणाऱ्या कंपनीचा माणूस बाबांकडे टक लावून बघत होता. आमच्या धंद्याला असली माणसं म्हणजे दुष्काळ, असं तो मला हळूच म्हणाला. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र चूक केल्याची काडीमात्र खूण नाही. ते बाईंना म्हणाले की कायदा अगदी बरोबर आहे, बनवणाऱ्यानं शेवटपर्यंत बघायलाच पाहिजे, मी तेच तर करतोय. बाईंनी विचारलं, ‘पण आजोबा, शेवट झाला की नाही हे कुणी ठरवायचं?’

‘मी,’ बाबा म्हणाले. ‘मी बनवलाय.’

अकरा डबे ट्रकमध्ये चढले, भरले नव्याण्णव किलो. उरलेले एकोणपन्नास आणायला वर्षअखेरीपर्यंतची मुदत देऊन बाई गेल्या. (जाताना बाबांना आपल्या आईच्या घरचा डबा अधूनमधून गुरगुरतो म्हणाल्या. माझ्यासमोर! मी कानात बोटं घातली.)

मग मी पुन्हा हिंडून एकेक डबा आणायला लागलो, बाबा तो दुरुस्त करायला लागले, तेव्हा मी कडक धोरण स्वीकारलं. पहिल्यांदा सगळे स्क्रू-ड्रायव्हर लपवले. बाबांनी सुरीच्या टोकानं काम चालवलं. तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न कपाटात घालून कुलूप लावलं, तर त्यांनी कपाटाच्या बिजागऱ्या काढून ते बाहेर घेतलं, आणि त्या कपाटाचा दरवाजा सहा वर्षं घासत होता तो आता घासत नाही. कारखान्यातल्या माणसांना तंबी दिली. ते ‘हो साहेब’ म्हणतात आणि बाबांना उजेड कमी पडतो म्हणून दिवा धरतात. अरे, तुमच्याच पोटावर पाय येतोय, म्हटलं. तर फोरमन म्हणतो, ‘ते खरं आहे साहेब, पण डबा चालू झाला की बाबा कसे हसतात ते तुम्ही बघितलं नाही.’ घरी तुझ्या भावजयीपुढे रडगाणं गायलो तर तिनं मलाच झापलं. माणूस तीन वर्षांनी दोन पोळ्या जास्त खायला लागला आणि तुम्हाला भंगाराची पडली आहे, म्हणाली. शेवटी एकदा मी बाबांवर ओरडलो, ताई. आठ घरं रस्त्यावर येतील तुमच्या या हौसेपायी, असं म्हणालो. त्यांनी हातातला स्क्रू वाटीत ठेवला आणि चहा घ्यायला गेले. तेव्हापासून मला त्यांच्याकडे धड बघवत नाही, आणि ते माझ्याशी पूर्वीपेक्षाही गोड वागतात. यापेक्षा त्यांनी माझ्या दोन कानफटात लावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फोरमनला सांगितलं नाही, पण एकदा मागच्या खिडकीतून मीही बघितलं. डब्याचा काटा थरथरत दोनशेतीस व्होल्टवर येऊन थांबला, तेव्हा बाबा त्या डब्याला ‘शाब्बास’ म्हणाले. आपल्या प्रगतिपुस्तकावर ते कधी म्हणाले होते का? मला तरी आठवत नाही.

आता सध्याची परिस्थिती अशी. वर्षअखेरीला सात आठवडे आहेत. घरोघरी जाऊन उपयोग नाही, कारण मेलेला डबा आता गावात कुणाकडे राहिलेलाच नाही, बाबांची कृपा. पण देवाला दया आली. एक बंद पडलेलं वसतिगृह पाडणार आहेत, त्याच्या गच्चीवरच्या खोलीत आपले बावन्न डबे सापडले. बावन्न! सगळे मेलेले, वर कबुतरांनी घरं केलेली. ते पुढच्याच्या पुढच्या सोमवारी कारखान्यात येतात. आधीचे अकरा आणि हे बावन्न मिळून त्रेसष्ट. हवेत साठ. म्हणजे त्यातले तीन जिवंत झाले तरी चालेल, चौथ्याला आपण बुडालो. बाबांचा सध्याचा वेग दिवसाला अडीच आहे. डबे पंधरा दिवस आवारात राहणार. मी गणित दोनदा करून पाहिलं, उत्तर तेच येतं. आणि यंदापुरता तरी यातून दुसरा मार्ग नाही. पुढच्या वर्षासाठी तपासनीस बाई वरती लिहिणार आहेत म्हणे, दुरुस्तीचा रकाना घाला म्हणून. वरचे कधी वाचतील ते वाचतील.

बाकी सर्व क्षेम. भाचीला परीक्षेबद्दल विचारत नाही, म्हणजे तिचं मामावर प्रेम टिकेल. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आमच्यासारख्या मधल्यांना कुणीच काही देत नाही याची नोंद असावी.

तुझा,
धाकटा (अधिकृत उत्पादक)

ता. क. एवढी पानं लिहिली आणि मुद्दा राहिलाच. बाबांना महिना-दीड महिना तुझ्याकडे बोलावून घे. नुसतं ‘या’ म्हणून ते येणार नाहीत, लेकीकडे काय राहायचं म्हणतील. त्यांना बंद पडलेली वस्तूच बोलावू शकते. तुझ्या फ्रिजशेजारी आपला डबा आहे, तो तू आधी बंद पाड. प्लग काढ, मागचे चार स्क्रू काढ, आत डावीकडे फ्यूजकडे जाणारी लाल वायर दिसेल, तेवढी सोडव. दुसरं काही नको. मग गुरुवारी फोन करून ‘बाबा, डबा बंद पडला’ एवढंच म्हण. आवाज रडवेला काढू नकोस, तुला जमत नाही.

ता. क. दुसरा. लाल वायर त्यांना वीस मिनिटांचं काम आहे, त्यावर ते दीड महिना राहणार नाहीत. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी बंद पडत राहिलं पाहिजे. मिक्सर, मग इस्त्री, मग दाराची बेल, शेजारपाजारच्यांनाही हाताशी धर. भावोजींची मोटार शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेव, पण त्यांना आधी सांगू नकोस, दाब वाढेल. त्यांना सकाळी सात वाजता एक टेबल, खिडकीचा उजेड आणि एक बिघडलेली वस्तू मिळाली की ते नीट जेवतात, हे लक्षात ठेव. मला हे लिहिताना लाज वाटते आहे. बाबांना फसवून घराबाहेर काढतोय, दुसरं काय? तू मला वाईट म्हण, पण गुरुवारी फोन कर.

ता. क. तिसरा. पाकीट शोधायला आत गेलो होतो, परत येतो तर बाबा टेबलाशी बसून हे पत्र वाचत होते. सगळं वाचलं, ता. क. धरून. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी पानं क्रमानं लावली, चष्मा काढला, आणि बावन्न डब्यांविषयी एवढंच विचारलं की सगळे जळालेत का रे? हो म्हटलं. मग आत जाऊन हत्यारांची पिशवी भरून आले. मला म्हणाले, लिही तिला. तिच्या डब्यात लाल वायर शोधत बसू नकोस म्हणावं, तिच्या लग्नाच्या घाईत तो डबा जोडला तेव्हा लाल संपली होती, मी पिवळी घातली आहे. आणि गुरुवारी फोन येईल तेव्हा मी घरीच असेन म्हणावं. तेव्हा ताई, पिवळी काढ.